बाटलीत काय आहे, हे तिलाही कळलं पाहिजे

(विद्यापीठांच्या आवारात काम करणाऱ्या स्त्रियांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

'कामाच्या जागचं आरोग्य आणि सुरक्षितता' असं या सत्राचं नाव आहे. हा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर कारखाना येतो. भट्टी, यंत्रं, भोंगा. विडी वळणारी बाई येते, बांधकामावर घमेली उचलणारी येते. विद्यापीठ काही येत नाही. विद्यापीठ म्हटलं की झाडं, दगडी इमारती, शांत ग्रंथालय. तिथे कसला आलाय धोका, असं आपल्या चळवळीतल्याही अनेकींना वाटतं. म्हणून मी आज विद्यापीठाबद्दलच बोलणार आहे.

मी सत्तावीस वर्षं एका विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहाय्यक होते. ही जागा मधल्या पायरीची. वर प्राध्यापक, समोर विद्यार्थी, आणि खालच्या पायरीवर झाडणाऱ्या-पुसणाऱ्या बाया. मधल्या पायरीवरून दोन्हीकडचं दिसतं. निवृत्त झाल्यावर संघटनेच्या कामात आले, तेव्हा आम्ही काही जणींनी एकेका विभागात जाऊन तिथल्या बायांशी बोलायला सुरुवात केली. दुपारी डबा खायच्या वेळी, जिन्याखाली, झाडाखाली बसून. कारण बायांना बसायला खोली कुठेच नव्हती.

त्या बोलण्यातून जे कळलं ते असं.

रसायनशास्त्र विभागातल्या सफाईच्या बायांच्या साड्यांना बारीक बारीक भोकं पडलेली असायची. विशेषतः निऱ्यांजवळ. "ताई, कापडच हलकं निघालं," असं त्या म्हणायच्या. आता मला माहीत होतं की सल्फ्युरिक ॲसिडचा शिंतोडा सुती कपड्यावर पडला, तर तो लगेच दिसत नाही. पाणी उडून जातं, ॲसिड तिथेच घट्ट होत राहतं, धागा आतून जळतो, आणि साडी धुवायला घेतली की तेवढा तुकडा गळून पडतो. त्या बाया ज्या ओट्यावर फडकं फिरवत होत्या, त्याच्यावर ॲसिड सांडलेलं असायचं. रंग पाण्यासारखा. तिला ते पाणीच वाटणार.

दुसरी गोष्ट कॅनची. रसायनांचे पाच लिटरचे प्लॅस्टिकचे कॅन रिकामे झाले की बाया ते घरी न्यायच्या. चांगला मजबूत कॅन, घट्ट झाकणाचा. ज्या वस्तीत नळाला दिवसातून तासभर पाणी येतं, तिथे असा कॅन म्हणजे मोलाची वस्तू. त्यात पिण्याचं पाणी भरायचं. कॅनवर कवटीचं चित्र होतं का? काहींवर होतं. काहींवरची चिठ्ठी निघून गेलेली. आणि जिथे मजकूर होता तिथे तो इंग्रजीत होता.

तिसरी गोष्ट संडास सफाईची. ही फक्त विज्ञानाच्या विभागातली नाही, सगळ्या आवारातली आहे. कंत्राटदार स्वस्त ॲसिड देतो आणि ब्लीचिंग पावडर देतो. संडास जास्त घाण असला की बाई दोन्ही एकत्र टाकते. तिला वाटतं, दुप्पट स्वच्छ होईल. ब्लीचिंग पावडर आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, बेल्जियमच्या रणांगणात शत्रूच्या सैनिकांवर सोडला होता तोच हा वायू. बंद, खिडकी नसलेल्या संडासात तो बाईच्या छातीत जातो. डोळे चुरचुरतात, घसा आवळतो, खोकल्याची उबळ येते. आम्ही विचारलं तेव्हा बऱ्याच जणींनी सांगितलं, "असं तर होतंच. वासाची सवय झाली आता."

मैत्रिणींनो, याच इमारतीत, वरच्या मजल्यावर, ॲसिड म्हणजे काय, क्लोरीन कसा तयार होतो हे शिकवलं जातं. फळ्यावर लिहिलं जातं, परीक्षेत विचारलं जातं. म्हणजे माहिती इमारतीत आहेच. फक्त ती जिना उतरून खाली येत नाही. मला आज जे सांगायचं आहे ते एवढंच आहे: जिचा हात त्या वस्तूला लागतो, तिला ती वस्तू काय आहे हे कळण्याचा हक्क आहे. बाकी सगळ्या मागण्या या हक्कातून निघतात.

इतर विभागांतही हेच. प्राणिशास्त्रात आणि वैद्यकीय महाविद्यालयांत नमुने फॉर्मलिनमध्ये ठेवतात. त्या बरण्या पुसणं, पाणी बदलणं ही कामं शिपाई आणि मदतनीस करतात. फॉर्मलिनमधल्या फॉर्मल्डिहाइडमुळे माणसाला कर्करोग होतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ साली काढला. वसतिगृहाच्या खानावळीत पोळ्या लाटणाऱ्या बायांचे खांदे आणि मनगटं कामातून गेलेली असतात. रात्रपाळीच्या सुरक्षारक्षक बायांना फाटकावर संडास नसतो, म्हणून त्या संध्याकाळपासून पाणी पीत नाहीत आणि मग लघवीच्या जळजळीनं हैराण होतात. आपल्या राज्यात राहुरी, अकोला, परभणी, दापोली अशी चार कृषी विद्यापीठं आहेत. प्रयोगाच्या शेतात खुरपायला, वेचायला रोजंदारीच्या बाया लागतात. वाफ्यावर काय फवारलंय, कधी फवारलंय, ही नोंद संशोधकाच्या वहीत असते. खुरपणारीला ती कोण वाचून दाखवतं?

आता कुणी म्हणेल, या बाया अशिक्षित म्हणून हे होतं, शिक्षण वाढलं की आपोआप सुधारेल. हे खरं नाही. दोन उदाहरणं देते. दोन्ही अमेरिकेतली आहेत, कारण तिथे चौकशी झाली आणि कागद लोकांसमोर आले.

डार्टमथ कॉलेजात कॅरन वेटरहान नावाच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. जड धातू शरीरात काय करतात हाच त्यांचा अभ्यासाचा विषय. विज्ञानाकडे मुलींनी यावं म्हणून त्यांनी १९९० साली तिथे एक उपक्रमही उभा केला होता. १४ ऑगस्ट १९९६ रोजी काम करताना डायमिथाइल मर्क्युरी या पाऱ्याच्या संयुगाचे एक-दोन थेंब त्यांच्या हातमोज्यावर पडले. हातमोजे घातले होते, काम धूर ओढून घेणाऱ्या कपाटात चाललं होतं. सगळे नियम पाळले होते. काही महिन्यांनी तोल जायला लागला, बोलणं अडखळायला लागलं. ८ जून १९९७ रोजी त्या वारल्या. वय ४८. नंतर चाचणी केली तेव्हा कळलं की तसल्या रबरी हातमोज्यातून ते द्रव्य काही सेकंदांत आरपार जातं. म्हणजे नियमच चुकीचा होता. पण पुढे काय झालं ते महत्त्वाचं आहे. त्या मरणशय्येवर असतानाच त्यांच्या सहकाऱ्यांनी ही माहिती प्रसिद्ध करून जगभरच्या प्रयोगशाळांना सावध केलं, हातमोज्यांचे नियम बदलले. झालेली घटना झाकली नाही, म्हणून पुढची माणसं वाचली.

दुसरं उदाहरण लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातलं. शेहरबानो सांगजी, वय २३, नुकतीच पदवी घेऊन तिथे संशोधन सहाय्यक म्हणून लागलेली. २९ डिसेंबर २००८ रोजी ती हवेशी संबंध येताच पेटणारं एक रसायन सिरिंजनं काढत होती. सिरिंजचा दट्ट्या निसटला, आग लागली. अंगात सिंथेटिक स्वेटर होता, ॲप्रन नव्हता. अठरा दिवसांनी ती गेली. चौकशीत प्रश्न आला की तिला हे काम करायला नीट शिकवलं होतं का? राज्याच्या कामगार सुरक्षा खात्यानं विद्यापीठाला दंड केला. पुढे विद्यापीठावर आणि तिच्या प्राध्यापकांवर फौजदारी खटलाही दाखल झाला. तडजोडीनं तो मिटला, तरी विद्यापीठाला सुरक्षिततेच्या व्यवस्था सुधारण्याचं लेखी मान्य करावं लागलं.

हे कायद्याचं पाऊल उचलता आलं त्याचं एक कारण नीट लक्षात घ्या. शेहरबानो पगारी नोकर होती. ती तिथे फक्त विद्यार्थिनी असती, तर कामगार सुरक्षेचा कायदा तिला लागूच झाला नसता. तेच टेबल, तेच रसायन, तीच आग. पण कागदावर तुम्ही कोण आहात यावर तुमच्या जिवाची जबाबदारी कुणाची हे ठरतं.

आपल्याकडेही नेमकं हेच दुखणं आहे. बाईला भाजलं, तर विद्यापीठ म्हणतं, "ती आमची नाही, कंत्राटदाराची." कंत्राटदार म्हणतो, "इमारत विद्यापीठाची, रसायन विद्यापीठाचं." संशोधक विद्यार्थिनीला म्हणतात, "तू कर्मचारी नाहीस, तुला शिष्यवृत्ती मिळते." मग कामगार आहे तरी कोण?

हा वाद जुना आहे. १९६३ साली दिल्ली विद्यापीठाचा एक खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. मुलींना कॉलेजात ने-आण करण्यासाठी विद्यापीठानं बस ठेवल्या होत्या. त्या तोट्यात गेल्या म्हणून चालकांना काढून टाकलं. न्यायालयानं म्हटलं, शिक्षण हा उद्योग नाही, तेव्हा चालकांना औद्योगिक कायद्याचं संरक्षण नाही. १९७८ साली बंगलोर वॉटर सप्लायच्या खटल्यात त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठानं हा विचार उलटवला आणि शिक्षणसंस्थाही उद्योगात धरल्या. १९८८ साली गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात निकाल आला की शाळा हा उद्योग असला तरी शिक्षिका ही 'कामगार' नाही. असं हे इकडून तिकडे चालत आलं आहे. कायद्याच्या पुस्तकात हा प्रश्न नोकरी आणि मोबदल्याचा आहे. पण त्याची झळ बाईच्या फुप्फुसाला आणि कातडीला बसते.

आणि इथे आपल्या चळवळीला बोलायचा हक्क आहे, कारण एका बाबतीत आपण ही भिंत पाडली आहे. भंवरीदेवीच्या लढ्यातून १९९७ साली विशाखा निकाल आला आणि २०१३ साली कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा झाला. त्या कायद्यातली 'कर्मचारी' या शब्दाची व्याख्या वाचा. कायम असो, हंगामी असो, रोजंदारीवर असो, कंत्राटदारामार्फत आलेली असो, शिकाऊ असो, ती कर्मचारी. शिक्षणसंस्थाही त्यात आल्या. २०१५ साली विद्यापीठ अनुदान आयोगानं विद्यापीठांसाठी वेगळे नियम केले, त्यात विद्यार्थिनीही आल्या. छळाच्या तक्रारीसाठी ती 'आमची' आहे हे विद्यापीठाला मान्य करावं लागलं. मग त्याच बाईच्या हातावर ॲसिड पडलं की ती 'आमची' राहत नाही, हे कसं चालेल? जी व्याख्या आपण रस्त्यावर उतरून मिळवली, तीच व्याख्या आरोग्याला आणि सुरक्षिततेला लावा, अशी आपली मागणी हवी.

माहिती खाली पोचली नाही तर ती आवाराच्या भिंतीबाहेरही जीव घेते. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कॅनडाहून आणलेलं किरणोत्सर्गाचं एक उपकरण होतं. त्यात कोबाल्ट-६० होतं. वापरणारे प्राध्यापक निवृत्त झाले, उपकरण वर्षानुवर्षं पडून राहिलं. फेब्रुवारी २०१० मध्ये विद्यापीठानं ते जुन्या सामानाबरोबर लिलावात भंगार म्हणून विकलं. मायापुरीच्या भंगार बाजारात कामगारांनी ते तोडलं. कोबाल्ट-६० चा जोर साधारण सव्वापाच वर्षांनी निम्मा होतो, पण उरलेलाही माणूस मारायला पुरेसा होता. एप्रिलमध्ये माणसं रुग्णालयात भरती व्हायला लागली, कातडी काळी पडली, केस गळले. एक कामगार मरण पावला. देशातल्या एका मोठ्या विद्यापीठात ती वस्तू काय आहे हे सांगायला कुणी उरलं नव्हतं. ज्यानं ती हातोडीनं फोडली त्याला तर कुणी सांगितलंच नव्हतं.

आता एक नाजूक प्रश्न. गरोदर बाईचं काय? प्रयोगशाळेतल्या मुली आम्हाला सांगतात की दिवस गेल्याचं मार्गदर्शकांना कळलं की पहिलं वाक्य येतं, "आता काम थांबव, घरी बस." दिसायला ही काळजी आहे. पण त्यात तिचं संशोधन मागे पडतं, शिष्यवृत्ती अडते, आणि पुढच्या वेळी मुलगी घ्यायचीच नाही असं विभागात ठरतं. सफाईच्या बाईला तर घरी बसणं म्हणजे रोज बुडणं. म्हणून ती पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत कुणाला सांगतच नाही. अमेरिकेत बॅटऱ्या बनवणाऱ्या एका कंपनीनं शिशाच्या कामावर मूल होऊ शकेल अशी एकही बाई ठेवायची नाही असा नियम केला होता. १९९१ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो बेकायदा ठरवला. शिसं पुरुषाच्या शरीरालाही घातकच असतं. धोका असेल तर धोका काढा, बाईला काढू नका. गरोदर बाईला पगार आणि जागा कायम ठेवून दुसरं काम देता येतं. ती दया नव्हे, तिचा हक्क आहे.

त्याचप्रमाणे धोक्याच्या भत्त्याबद्दल. काही संघटना महिन्याला अमुक रुपये भत्ता मागतात. पैसे कुणाला नको आहेत? पण भत्ता घेऊन क्लोरीन छातीत जायचा थांबत नाही. आधी खिडकी, पंखा आणि हातमोजे, मग भत्त्याचं बोलू.

तर मग आपण काय करायचं? मी मागण्या थोडक्यात सांगते. आपापल्या ठिकाणी त्यात भर घाला.

एक. प्रत्येक बाटलीवर, कॅनवर, कचऱ्याच्या डब्यावर मराठीत नाव आणि सगळ्यांना समजेल असं चित्र. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही कळलं पाहिजे. रिकामा कॅन भोक पाडूनच बाहेर जावा, म्हणजे तो पाण्याला वापरला जाणार नाही. पण मग पाण्याचा कॅन बाईला विद्यापीठानं द्यावा, एवढंही मागायला लाजू नका.

दोन. कामाच्या वेळेत, पगारी, दर सहा महिन्यांनी शिकवणी. काय मिसळायचं नाही, फुटलेली काच कशी उचलायची, अंगावर सांडलं तर किती वेळ पाणी ओतायचं. ही शिकवणी विभागातल्या शिक्षकांनीच घ्यावी.

तीन. कामाप्रमाणे हातमोजे आणि बूट, आणि ते बाईच्या मापाचे. पुरुषांच्या मापाचे ढगळ हातमोजे देतात, मग फडकं हातात धरवत नाही, म्हणून बाया ते काढून ठेवतात आणि वर "यांनाच घालायला नको" असं ऐकून घेतात.

चार. जिथे रक्त, सुया, प्राण्यांचे नमुने हाताळले जातात तिथे २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे कचरा हाताळणाऱ्यांना कावीळ ब आणि धनुर्वाताची लस मिळायला हवी. तपासणीचा कागद बाईच्या हातात द्यावा, मुकादमाच्या नाही.

पाच. कपडे बदलायला, हात धुवायला, डबा खायला जागा आणि संडास. कामाची साडी घरच्या कपड्यांत धुतली की ॲसिड आणि जंतू पोरांच्या कपड्यांत जातात.

सहा. सुरक्षा समितीत कंत्राटी बायांच्या प्रतिनिधी. आणि अपघाताची नोंदवही, ज्यात 'किरकोळ' भाजणंही लिहिलं जाईल.

हे मागताना हातात काय आहे? २०२० साली संसदेनं व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीची संहिता मंजूर केली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती लागू झाली. या संहितांवर कामगार संघटनांचे गंभीर आक्षेप आहेत आणि ते लढले पाहिजेत. पण आपल्या आरोग्याशी आणि सुरक्षिततेशी संबंधित माहिती मालकाकडून मिळवण्याचा हक्क कर्मचाऱ्याला तिच्यात दिलेला आहे. आम्हाला ही संहिता लागू नाही, असं विद्यापीठाचे वकील म्हणू शकतात. म्हणूद्या. सरकारी विद्यापीठाला २००५ चा माहितीचा अधिकार तर लागू आहे. अर्ज करून सफाईच्या कंत्राटाची प्रत मागा. त्यात हातमोजे, बूट, गणवेश यांचा खर्च लिहिलेला असेल, तर तो दाखवून विचारा, हे हातमोजे गेले कुठे?

आणि विद्यापीठ नोंदवही ठेवत नसेल तर आपण ठेवू. शंभर पानी वही घ्या. तारीख, जागा, काय झालं, कुणी पाहिलं. लिहिता येत नसेल तर विद्यार्थिनीला लिहायला सांगा. विद्यार्थिनी आणि सफाईच्या बाया एका वहीवर एकत्र बसल्या, तर आवारातल्या बऱ्याच गोष्टी बदलतील. तुम्हा विद्यार्थिनींना माझं सांगणं आहे, तुम्ही ओट्यावर जे सांडून जाता ते कोण पुसतं हे एकदा मागे वळून बघा. नाव लिहा, पुसा, मग जा.

दोन महिन्यांनी पुन्हा भेटू तेव्हा प्रत्येक आवारातून एक वही आली पाहिजे. एवढं सांगून मी थांबते.